भाकरी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा

शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझ्या रक्ततपासणीचा अहवाल हातात आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा आकडा ७.६ होता. ५.७च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह, असे त्याचे सरळ गणित आहे. माझे वय एकावन्न, वजन एकाहत्तर किलो, आई आणि थोरला मामा दोघेही मधुमेही. त्यामुळे धक्का बसला असे म्हणता येणार नाही, पण ज्या गोष्टीची धास्ती दहा वर्षे मनात होती ती आता कागदावर आली होती. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या लिहून दिल्या आणि आहारातली कर्बोदके कमी करण्यास सांगून शहरातल्या एका आहार सल्ला केंद्राकडे पाठवले.

तिथून मिळालेली आहारयोजना चार पानांची आणि इंग्रजीत होती. बदामाच्या पिठाचा पाव, अ‍ॅव्होकॅडो, झुकिनी, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, ग्रीक योगर्ट असे पदार्थ तीत होते. भाकरी, भात, पोळी, बटाटा, साखर, गूळ हे सगळे शेवटच्या पानावर एका चौकटीत ‘टाळा’ या शब्दाखाली बसवलेले होते. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात ज्याला जेवण म्हणतात, ते जवळपास सगळेच त्या चौकटीत होते. तरीही मी ती योजना निष्ठेने पाळायला घेतली. बदामाचे पीठ मागवले, त्याच्या किमतीत आमच्या घरी महिन्याचे जोंधळे आले असते. पाव फुगला नाही, तरी खाल्ला. डब्यात नुसती कोबीची भाजी आणि पनीरचे तुकडे नेले. चौथ्या दिवशी डोके इतके दुखू लागले की पाचवीच्या वर्गात फळ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसून राहावे लागले. दहाव्या दिवशी रात्री, सगळे झोपल्यावर, दुरडीतल्या तीन भाकऱ्या मी लसणाच्या चटणीशी उभ्या उभ्या खाल्ल्या.

त्या डोकेदुखीचे कारण नंतर कळले. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर शरीर आधी वापरते, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. ते पाणी बाहेर पडते, त्याच्याबरोबर मीठही जाते. पहिल्या आठवड्यात दोन किलो वजन उतरल्याचा आनंद अनेकांना होतो, त्यातले बहुतेक हे पाणीच असते. पुढच्या वेळी मी दुपारी पेलाभर ताक मीठ घालून घेऊ लागले आणि डोकेदुखी गेली. अर्थात ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मिठाचा आणि प्रथिने वाढवण्याचाही निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

दुसरी चूक मात्र डोकेदुखीवर भागणारी नव्हती, आणि ती मी येथे मुद्दाम लिहीत आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते; पोटात पिष्ट गेले असो वा नसो, ती आपले काम करते. मी भाकरी बंद केली, पण गोळी तेवढीच चालू ठेवली आणि डॉक्टरांना काही कळवले नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीच्या थोडे आधी हात कापू लागले, घाम फुटला, वहीवरची अक्षरे हलू लागली. पर्समध्ये असलेल्या ग्लुकोमीटरवर आकडा ६२ आला. ७०च्या खाली गेलेली साखर धोक्याची मानतात. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी पोषण आहाराच्या खोलीतून गूळ आणून माझ्या तोंडात घातला, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा ९१ झाली होती. त्याच संध्याकाळी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आधी निम्मी केली आणि पुढे बंद केली. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीतही हाच धोका आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कर्बोदके एकदम तोडू नयेत, कारण त्यांच्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. ताटात बदल करण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवायला हवी, एवढी एक गोष्ट मला तेव्हा कुणी ठासून सांगितली असती तर बरे झाले असते.

त्या भेटीत डॉक्टरांनी मला एक साधा आकडा दिला: दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम कर्बोदके. साधारणपणे १३० ग्रॅमच्या खालच्या आहाराला कमी कर्बोदकांचा म्हणतात. कीटो म्हणून जो प्रकार चालतो त्यात हे प्रमाण वीस ते पन्नास ग्रॅमवर आणतात. मला कीटो करायचेच नव्हते. आकडा मिळाल्यावर मी ती चार पाने बाजूला ठेवली आणि आमच्याच स्वयंपाकघरात मोजायला बसले.

आमच्या घरी भाकरी सासूबाई करतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण काठवटीतले पीठ मळण्याचे काम त्या अजून कुणाला देत नाहीत. मी त्यांच्या शेजारी छोटा वजनकाटा ठेवला आणि एका भाकरीचे पीठ त्यावर घ्यायला सांगितले. त्यांनी नेहमीच्या अंदाजाने ओंजळभर पीठ टाकले. काटा ८२ ग्रॅमवर थांबला. दुसऱ्यांदा ७९, तिसऱ्यांदा ८१. इतक्या वर्षांच्या हाताच्या सवयीला दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत नव्हता, हे पाहून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. मग हिशेब केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम जोंधळ्यात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ऐंशी ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत चोपन्न, आणि मी दुपारी घेत होते त्या दोन भाकऱ्यांत एकशेआठ. दिवसभराचा सगळा वाटा एका जेवणात संपत होता, आणि त्यावर वाटीभर भात वेगळाच.

येथे मला जे सांगायचे आहे त्याच्या मुळाशी मी येते. आपल्याकडे भाकरी ही निर्दोष मानली जाते. भात वाईट, मैदा वाईट, साखर वाईट, पण जोंधळ्याची भाकरी, नाचणीची आंबील, घरचा गूळ यांना कुणी बोट लावू देत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून हा समज आणखी पक्का झाला आहे. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम पॉलिश तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, जोंधळ्यात ६८, नाचणीत ६७ आणि गव्हाच्या पिठात ६४. जोंधळ्यात तंतू सुमारे दहा ग्रॅम आहेत, तांदळात तीनच्या आसपास. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे. हे गुण खरेच आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण भाकरी पौष्टिक आहे म्हणजे तिच्यात कर्बोदके कमी आहेत, असे होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणातून २०२५ मध्ये जे निष्कर्ष पुढे आले, त्यांत भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असे दिसले. आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. माझा काटा आमच्या काठवटीशेजारी हेच सांगत होता.

गुळाचेही तसेच. आमचा भाग उसाचा. निपाणी-संकेश्वरकडचे पाहुणे आले की गुऱ्हाळावरची ढेप आणि काकवीची बाटली घेऊनच येतात, आणि ‘साखर नको तर गूळ खा’ असे अगदी प्रेमाने सांगतात. गूळही बहुतांश साखरच आहे. मी पूर्वी दिवसाला तीन चहा घेत होते, प्रत्येकात दोन चमचे. म्हणजे तीस ग्रॅमच्या जवळपास साखर नुसत्या चहातून. तो चहा बिनसाखरेचा करायला मला पाच आठवडे लागले, दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत. सगळ्या बदलांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरला.

भाकरी सोडायची नव्हती, लहान करायची होती. चाळीस ग्रॅम पिठाची भाकरी सासूबाईंना मान्य होईना. ‘एवढीशी? ही तर पोराची चानकी झाली की गे,’ असे म्हणून पहिले चार दिवस त्या मला ती देताना मान वळवत. मग त्यांनीच मार्ग काढला: पीठ निम्मे, पण थापून इतकी पातळ की तव्यावर आकार जवळपास पूर्वीएवढाच दिसावा. पातळ भाकरी थापणे सोपे नाही. पीठ ताजे दळलेले हवे, पाणी उकळते हवे, आणि मळायला दुप्पट वेळ लागतो. जोंधळ्याचे पीठ पंधरा दिवसांच्या वर ठेवले की त्याचा चिकटपणा जातो आणि कडा फुटतात. आता आम्ही दर आठवड्याला दोन किलोच दळून आणतो. बाजारात मिळणाऱ्या कडक भाकरीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ती हाताला हलकी लागते ती पाणी उडून गेल्यामुळे, पीठ कमी असल्यामुळे नव्हे. चहाबरोबर सहज तीन संपतात. संध्याकाळच्या चिरमुऱ्यांचेही तेच आहे, परात भरून दिसतात आणि त्यांत पिष्टावाचून दुसरे फारसे काही नसते.

भाकरी निम्मी झाल्यावर ताटात जी जागा रिकामी झाली ती कशाने भरायची, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी बेळगावइतका चांगला मुलूख दुसरा नसेल. गणपत गल्लीच्या बाजारात सकाळी आठच्या आत गेले की कडोलीकडची कोबी, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी आणि करडईची पाने, सगळे मिळते. पूर्वी मी पालेभाजीची एक जुडी पाच माणसांत करत असे. आता माझ्या एकटीच्या दोन वेळांना एक जुडी लागते. मेथीची कच्ची पचडी, म्हणजे बारीक चिरलेली मेथी, कांदा, शेंगांचे कूट, मीठ आणि वरून कच्चे तेल, ही पूर्वी तोंडी लावण्यापुरती असे, ती आता वाडगाभर घेते. शेंगांची चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी या तिन्ही बरण्या आमच्या घरी वर्षभर असतात. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅममागे प्रथिने पंचवीसच्या आसपास आणि कर्बोदके त्याहून कमी. बदामाचे पीठ कुरिअरने मागवणाऱ्या मला हे बरणीत डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते, याची खंत वाटते.

कडधान्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण येथे गोंधळ होतो. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. आमच्या घरचा मसूर तिथलाच, बारीक, तांबूस आणि शिजल्यावर दाट होणारा. मसुरात प्रथिने भरपूर आहेत, पण निम्म्याच्या आसपास कर्बोदकेही आहेत. त्यामुळे उसळ भरपूर आणि भाकरीही पूर्वीएवढीच, असे केले तर काहीच साधत नाही. मी कोरडा मसूर तीस ग्रॅम, म्हणजे शिजून एक मध्यम वाटी, हे प्रमाण धरले आहे. उसळ असेल त्या वेळी भात नाही. आठवड्यातून दोनदा गोव्याकडून किंवा कारवारकडून आलेले बांगडे घेतो, त्या रात्री भाकरीही अर्धीच पुरते. अंडी सकाळी दोन. सोमवारी, गुरुवारी आणि सबंध श्रावणात त्यांच्या जागी मुगाचे धिरडे आणि दही.

येळ्ळूरचा बासमती मी पूर्ण सोडलेला नाही. तो वास घरात दरवळत असताना मी पानावर बसून राहीन आणि घेणार नाही, असा माझा निग्रह नाही. रविवारी दुपारी चार घास, म्हणजे शिजलेला पन्नास ग्रॅम भात, तोही सगळ्यात शेवटी. आधी भाजी आणि प्रथिनांचे पदार्थ, मग भाकरी किंवा भात, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे प्रयोगांतून दिसले आहे आणि माझ्या मीटरनेही ते दाखवले. दोन भाकऱ्या, भात आणि आमटी या जुन्या जेवणानंतर दोन तासांनी माझी साखर १९६ होती. पचडी, वांग्याचे भरीत, मसुराची उसळ आणि शेवटी एक पातळ भाकरी, यानंतर १३८. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्याच चार-पाच जेवणांनंतर असे मोजून पाहावे.

घरात जमले ते घराबाहेर जमवणे कठीण गेले. आमच्याकडे ‘जेवलीस काय’ या प्रश्नाचा अर्थ भाकरी खाल्लीस काय असाच असतो, आणि पाहुण्याने भाकरी परत केली तर यजमानाला वाटते की आपले काहीतरी चुकले. उपवासाचे दिवस त्याहून फसवे. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, वरीच्या तांदळाची कथा फार निराळी नाही. संकष्टीच्या दिवशी माझी साखर इतर दिवसांपेक्षा जास्त असायची. आता उपवासाला काकडीची कोशिंबीर, दही, भाजलेले शेंगदाणे आणि एक पेरू असे घेते. सासूबाईंनी पहिल्या संकष्टीला विचारले, ‘पोटात आग पडल की गे?’ पडली नाही.

येळ्ळ अमावस्येला आम्ही माहेरी जातो, खानापूर तालुक्यात, भावाच्या रानात. पूजा करून, चर, म्हणजे नैवेद्य, रानात शिंपडून झाली की बांधावर बसून जेवायचे: सजगुऱ्याची, म्हणजे बाजरीची, तीळ लावलेली भाकरी, भरली वांगी, मिसळीची भाजी, शेंगांची पोळी, दहीभात. तिथे मी वजनकाटा नेला नाही आणि नेणारही नाही. भाजी आणि वांगी आधी पोटभर घेतली, भाकरी एक आणि पोळीचा चतकोर तुकडा घेतला, आणि जेवणानंतर बांधाबांधाने अर्धा तास चालले. भाऊ माझ्या पानाकडे पाहून म्हणाला, ‘ताई, आमचा आजा चार भाकरी खात होता, त्याला कुठं साखर झाली?’ तो प्रश्न मला योग्य वाटला. आजोबा पहाटे चारला नांगर धरत होते आणि दिवस मावळेपर्यंत बैलांच्या मागे चालत होते. चार भाकऱ्यांतली साखर त्यांचे पाय जाळून टाकत होते. भाऊ स्वतः आजही रोप लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकलेला असतो, त्याने तीन भाकऱ्या खाव्यात. मी बसने शाळेत जाते, वर्गात उभी राहते आणि घरी येऊन वह्या तपासते. माझ्या वाट्याची भाकरी माझ्या कामाएवढी असायला हवी, एवढेच मी त्याला सांगितले, आणि मधुमेह नसलेल्या, अंगमेहनत करणाऱ्या माणसावर किंवा वाढत्या वयाच्या मुलांवर ही योजना मी कधीही लादणार नाही. माझा मुलगा आमच्याच पंगतीत पूर्वीसारखाच जेवतो.

नऊ महिन्यांनी एचबीए१सी ६.२ आले आहे, वजन चौसष्ट किलो, गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन चालू आहे. मधल्या एका अहवालात आकडा पुन्हा वर सरकला होता; त्या तिमाहीत घरात दोन लग्ने होती, रुखवतातले मांडे घरभर होते, आणि कुणीही आले की कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, डबा उघडला जात होता. कुंदा मी आता जेवणानंतर एक चमचा घेते, रिकाम्या पोटी कधीच नाही.

पुढच्या वर्षी भावाच्या गावात महालक्ष्मीची यात्रा आहे, कित्येक वर्षांनी भरणारी, दारात मांडव आणि घरात आठवडाभर शे-दीडशे माणसांचा राबता. पुरणपोळीचे दोन दिवस आणि मटणाचे दोन दिवस असतील. मटणाच्या दिवसांची मला चिंता नाही, रस्सा आणि अर्धी भाकरी पुरते. पुरणाच्या दिवसांसाठी सासूबाईंनी आत्ताच सुचवले आहे की कटाची आमटी आणि भाज्या त्या आधी वाढतील आणि पोळी मागून, अर्धी, तूप घालून. तूप त्यांनी कमी करायचे नाही असेही बजावले आहे, आणि त्याबाबत माझे डॉक्टर आणि त्या यांचे फारसे मतभेद नाहीत.